शंभर डॉक्टर, ऐंशी प्रिस्क्रिप्शन्स

हा मागच्या भागाचा लेखी अवतार, थोडा साफसूफ करून. ऑडिओत मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले असतील, तर तो आमचा शीळफाटा. त्याला इलाज नाही.

फाट्यावरून एक रस्ता कल्याणला जातो, एक मुंब्र्याकडे, एक महापेला, एक पनवेलकडे. चार जणांना पत्ता विचारा, चार वाटा सांगतील. मुंबईत टीबीच्या औषधांचं असंच झालं होतं, फक्त वाटा चारपेक्षा खूप जास्त होत्या.

1991 साली मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांचा एक अभ्यास छापून आला. मुंबईतल्या 100 खासगी डॉक्टरांना विचारलं, टीबीच्या पेशंटला काय लिहून द्याल? उत्तरं आली 80 प्रकारची. जवळपास वीस वर्षांनी, 2010 मध्ये, हिंदुजाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी सहकाऱ्यांबरोबर त्याच भागात तसाच प्रश्न विचारला. 106 डॉक्टर, 63 प्रकार. बरोबर किती? 6.

यात बिघडतं काय, तेही बघू. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच असतात. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हे उरतात, वाढतात. 1948 मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, त्यातच हे दिसलं होतं. म्हणून तीन-चार औषधं एकदम द्यायची. पण गुण येत नाही म्हणून चालू औषधांत एकच नवीन गोळी वाढवली, तर तीही वाया जाते. आमच्या धंद्यात बग न शोधता पॅचवर पॅच मारतात ना, तसं. फरक इतकाच की इथे सर्व्हर रीस्टार्ट होत नाही.

याचा शेवट कुठे होतो ते उदवाडिया, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांच्या छोट्या पत्रात दिसलं. 2011 च्या डिसेंबरात ते ऑनलाइन आलं. चार पेशंट, आणि लॅबमध्ये तपासलेल्या एकाही औषधाला जंतू दाद देत नव्हते. त्यातल्या तिघांनी 18 महिन्यांत सरासरी चार डॉक्टर केले होते. औषधं एकेक करून वाढवलेली, डोसही बऱ्याचदा चुकीचे.

मग गदारोळ झाला, पण बराचसा नावावरून! ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ हा शब्द सरकारला पटला नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही स्वीकारला नाही. शास्त्रीयदृष्ट्या त्यांचा मुद्दा अगदीच चूक नव्हता, कारण सगळ्या औषधांच्या चाचण्या भरवशाच्या नसतात. तरी मला वाटतं, त्या शब्दाने काम केलं. मे 2012 मध्ये टीबीच्या प्रत्येक पेशंटची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक झालं.

तेव्हा अशा टीबीचा इलाज म्हणजे दीड-दोन वर्षं औषधं, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन त्यांपैकीच. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही श्रवणशक्ती टीबीच्या उपचारांतच गेली. दोघींनी 2019 मध्ये बेडाक्विलिन या नव्या गोळीचं पेटंट पुढे वाढवायला भारतात हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. नाहीतर 2027 पर्यंत गोळी एकाच कंपनीच्या हातात राहिली असती.

दरम्यान चाचण्या पुढे गेल्या. दक्षिण आफ्रिकेत 109 जणांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड दिलं. 2020 चा निकाल: दहापैकी नऊ जणांना गुण, तोही साधारण सहा महिन्यांत, इंजेक्शनशिवाय. पण लिनेझोलिडने बहुतेकांच्या हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा आला. 2022 च्या पुढच्या चाचणीत डोस 1200 वरून 600 मिलिग्रॅम केला, तरी गुण जवळजवळ तितकाच आणि त्रास बराच कमी. या तिन्हींत मॉक्सिफ्लॉक्सासिन मिळवून झालेल्या सहा महिन्यांच्या कोर्सला भारत सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली.

हा कोर्स सरकारी केंद्रात फुकट मिळतो. पण बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही आता सापडू लागलेत. म्हणून दिवा, मुंब्रा, डोंबिवलीकडच्या श्रोत्यांना एकच सांगतो: घरात कुणाचे टीबीचे उपचार चालू असतील, तर फाइल उघडून बघा. कुठल्या औषधाला जंतू दाद देतात, याचा रिपोर्ट त्यात आहे का? नसेल, तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांकडे तोच आधी मागा.