वेरूळच्या चिखलात भांग

आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका. दुसऱ्या मिनिटाला गांजा येणार आहे, आणि हॉलमध्ये आई-बाबा बसले असतील तर उगाच गैरसमज नको.

तर झालं असं. मी गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये शेतातली काळी माती आणून भरली होती. फुकटची, भारी, कसदार. पावसाळ्यात तिचा चिखल झाला, मार्चमध्ये दगड झाला, आणि कुंडीच्या कडेनं बोटभर भेग पडली. मिरचीची रोपं गेली. मग इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं, यूट्यूब उघडलं. घरात वाढणाऱ्या झाडांसाठी सेंद्रिय माती कशी तयार करायची, एवढंच शोधलं होतं. समोर आले ते अमेरिकेतले दाढीवाले लोक, खोलीत तंबू ठोकून, वर दिवे लावून गांजा वाढवणारे. मातीवर त्यांचा अभ्यास मात्र दांडगा. एक भाग पीट, एक भाग कंपोस्ट, एक भाग हवा खेळती ठेवणारं काहीतरी, म्हणजे परलाइट नाहीतर लाव्हाचे खडे. वरून निंबोळी पेंड, करंज पेंड आणि बेसॉल्टची पूड. सगळं ओलं करून काही आठवडे मुरत ठेवायचं.

बेसॉल्टची पूड हे लोक पैसे मोजून पिशवीत विकत घेतात! आपण इथे अख्खे बेसॉल्टवर बसलोय.

लगेच सांगून टाकतो. त्यांच्याकडे काही राज्यांत ते चालतं, आपल्याकडे नाही. १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, त्याचं कलम २०. परवान्याशिवाय भांगेचं झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. शेतात असो की बेडरूमच्या कुंडीत. त्यामुळे माझी कुंडी मिरचीचीच राहिली.

पण या शोधात एक शोधनिबंध हाती लागला, आणि त्यासाठी हा भाग केला. त्यातही माती आहे, भांग आहे, दोन्ही विचारपूर्वक मिसळलेली आहेत. फरक एवढाच की ही भांग मातीत उगवलेली नाही, कालवलेली आहे. आणि ती माती कुंडीत नाही, भिंतीवर आहे. आपल्या शहरापासून ३० किलोमीटरवर, वेरूळला.

आता आधी चिखलाबद्दल बोलू, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आमच्या आबांचं घर माळवदाचं होतं. दर दोन-तीन वर्षांनी भिंतींना नवा गिलावा व्हायचा आणि तेव्हा आम्हा पोरांना चिखल तुडवायला लावायचे. मी एकदा विचारलं होतं, एवढी लांबून पांढरी माती कशाला आणता, शेत तर इथेच आहे. आबा म्हणाले, "काळी फुटती रे, पांढरी धरती." तेव्हा कळलं नाही. कुंडीला भेग पडली तेव्हा कळलं. बेसॉल्ट झिजून जी काळी माती होते तिच्यात एक चिकणमातीचा प्रकार असतो, स्मेक्टाइट. त्याचे अगदी पातळ थर असतात आणि त्या थरांच्या मधे पाणी शिरतं. शिरलं की माती फुगते, निघालं की आकसते. कापसाला ही माती उत्तम. भिंतीला लावली तर वाळताना तडे जाणारच. म्हणून मग गाळ किंवा पांढरी माती घ्यायची, तिच्यात गव्हाचं भुसकट टाकायचं, पाणी मारून तुडवायचं, कुजू द्यायचं, परत तुडवायचं. भुसकटाच्या काड्या आडव्या-उभ्या अडकतात आणि माती आकसायला लागली की तिला धरून ठेवतात. आता जरा त्या तंबूवाल्यांची रेसिपी आठवा. पाणी धरणारं काही, निचरा करणारं काही, काडी-कचरा, आणि मुरवण्याचा वेळ. हेतू वेगळा, पण हात तोच.

लेण्यांमध्ये हेच काम होतं. छिन्नीनं कोरलेली बेसॉल्टची भिंत खडबडीत असते, तिच्यावर थेट चित्र काढता येत नाही. म्हणून आधी मातीचा गिलावा, त्यात तूस, गवत, झाडांचे तंतू, मग वर पांढरा पातळ हात, आणि मग रंग. अजिंठ्याची सगळी चित्रं अशा चिखलावर उभी आहेत. आपण पद्मपाणीचे डोळे बघतो, त्याच्या मागे तुसाचा चिखल आहे हे कोणी सांगत नाही.

आता तो शोधनिबंध. मार्च २०१६, 'करंट सायन्स' नावाचं नियतकालिक. लेखक दोघं. राजदेव सिंग, भारतीय पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ होते, अजिंठ्याच्या चित्रांच्या सफाईवर त्यांनी काम केलंय. आणि मिलिंद सरदेसाई, तेव्हा आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. वेरूळच्या १२ नंबरच्या लेण्यातला, म्हणजे तीन ताल म्हणतात त्या तीन मजली बौद्ध लेण्यातला गिलावा त्यांनी तपासला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी वगैरे. त्यात सापडले ते तंतू कॅनाबिस सटायव्हाचे निघाले, म्हणजे भांगेचे. मिश्रणात प्रमाण सुमारे १० टक्के. देवगिरीच्या किल्ल्यातल्या गिलाव्यातही भांग सापडल्याचं त्यांनी नोंदवलंय.

तंतू भांगेचाच, हे ओळखलं कसं? मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. त्यांनी ताजी झाडं गोळा केली, जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या आसपासहून, आणि जुना तंतू नव्याशेजारी ठेवून बघितला. जालना! म्हणजे तुलनेचा नमुना शेजारच्या जिल्ह्यात उगवत होता.

ही तुलना का लागते, तर इथे नावांचा भयंकर गोंधळ आहे. इंग्रजीत 'सन हेम्प' म्हणतात तो आपला ताग. मराठवाड्यात शेतकरी हिरवळीचं खत म्हणून पेरतात आणि फुलावर आला की नांगरून मातीत गाडतात. तो शेंगवर्गातला, भांगेचा कोणी नाही. 'डेक्कन हेम्प' म्हणजे अंबाडी. हो, तीच, जिची भाजी आई ज्वारीच्या कण्या घालून करते. अंबाडीच्या पानाचे बोटांसारखे फाटे बघून वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या नावातच 'कॅनाबिनस' टाकलं, म्हणजे भांगेसारखी. प्रत्यक्षात ती जास्वंदीच्या घरची. ताग, अंबाडी, भांग, तिघींच्या खोडावरून वाख निघतो, तिघींचे दोर वळतात, आणि इंग्रजी कागदपत्रांत तिघींना हेम्प म्हणतात. त्यामुळे एखाद्या जुन्या अहवालात 'हेम्प' वाचून लगेच "बघा, आपले पूर्वज गांजा लावायचे" असं स्टेटस ठेवू नका. आमच्या ग्रुपवर एकानं ठेवलं होतं. अहवाल तागाचा होता.

आणि भिंतीत गेलेली भांग म्हणजे नशेची भांग नव्हे. नशा कळ्या-फुलांच्या चिकट राळेत असते. गिलाव्याला हवा खोडाचा दोरा.

निबंध आला तेव्हा बातम्यांचे मथळे असे होते की गांजानं वेरूळ वाचवलं. लेखकांचं म्हणणं त्याहून मोजून-मापून आहे. अजिंठ्याच्या ज्या चित्रांच्या गिलाव्यात भांग नाही तिथे किड्यांनी किमान २५ टक्के चित्रांचं नुकसान केलंय. वेरूळच्या या गिलाव्यात किड्यांची हालचाल दिसत नाही. तूस, गवत हे किड्यांचं खाद्यच आहे. भांगेच्या तंतूला ते शिवत नसावेत, शिवाय हा तंतू हवेतला ओलावा शोषून परत सोडतो, त्यामुळे गिलावा टिकला असावा.

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. आमच्या धंद्यात दोन सर्व्हर असतात, एक पडतो, एक चालतो, आणि दोघांत वीस गोष्टी वेगळ्या असतात. त्यातली एक उचलून "हेच कारण" म्हटलं की सीनियर लगेच थांबवतो. अजिंठा वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत आहे, तिथली हवा आणि ओल वेगळी. वेरूळ उघड्या डोंगराच्या उतारावर. अजिंठ्याला चित्रं प्रचंड, वेरूळला मुळात थोडी, तीही कैलास, इंद्रसभा अशा काही ठिकाणी उरलेली. मोजायलाच कमी असेल तर टक्केवारीची तुलना कशी करायची? शिवाय अजिंठ्याला माणसांनीही हातभार लावला. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारनं लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी धरून बसवला, ते चांगलंच झालं. पण चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा हात दिला. तो पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षं तो काढण्यात गेली. राजदेव सिंग त्यांतलेच एक. म्हणून मला वाटतं हा माणूस जेव्हा चिखलातला तंतू मायक्रोस्कोपखाली ठेवतो, तेव्हा तो बातमीसाठी ठेवत नसणार. नंतर वरून काय लावलं तर काय होतं ते त्यानं बघितलंय. मूळ मिश्रण काय होतं हे माहीत नसताना दुरुस्ती करणं म्हणजे डॉक्युमेंटेशन नसलेल्या कोडला पॅच मारणं.

कारागिरांनी कृती लिहून ठेवली नाही का? भिंतीच्या गिलाव्याची कृती विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात आहे. त्यात विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, बेलाचा गर असं बरंच येतं, आणि मुरवत ठेवायला सांगितलंय. भर चिकट गोष्टींवर आहे. पण भांग घालायची ती कुणी, कधी ठरवली, हे भिंतीलाच विचारावं लागतं.

पीक मात्र जुनं आहे. पाणिनीनं तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांना काय म्हणायचं ते सांगताना त्याच सूत्रात भांगेच्या शेताचा शब्दही दिलाय: भंग्य किंवा भांगीन. म्हणजे तिळाइतकंच साधं पीक. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, त्यानं देशभरात हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको असा निष्कर्ष काढला. त्या काळी बंगालमध्ये नौगावला गांजाचं सरकारी देखरेखीखालचं पीक होतं. पाणी न साचणारी उंच जमीन, शेणखत, पेंड, आणि नर झाडं ओळखून उपटून टाकणारा एक खास माणूस. यूट्यूबवरचे दाढीवाले आज जे दिव्याखाली करतात ते तिथे उघड्या शेतात चालायचं.

मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, १९८५ चा कायदा आला. गंमत अशी की दोन्हींत तंतूसाठी खिडकी ठेवलेली आहे. आपल्या कायद्याचं कलम १४ म्हणतं, तंतू किंवा बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये ती दिली. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या दुरुस्तीला भांगेच्या खोडाचा भुगा चुन्यात कालवून भरतात, हेम्पक्रीट म्हणतात त्याला.

मला एक साधी गोष्ट बघायची आहे. वेरूळच्या पायथ्याची माती घ्यायची. एका फळीवर तुसाचा गिलावा, एकीवर तागाचा, एकीवर अंबाडीचा, एकीवर परवान्यानं आणलेल्या भांगेच्या तंतूचा. चारही फळ्या शेजारी-शेजारी पाच पावसाळे ठेवायच्या आणि किडा कुठे जातो ते मोजायचं. कोणा विद्यार्थ्याला यात प्रोजेक्ट दिसत असेल तर मला मेसेज करा, फोटो काढायला आणि मोजायला मी येतो. तागाची आणि अंबाडीची फळी तर परवान्याशिवाय आजही करता येईल.

मी गेल्या रविवारी परत १२ नंबरला जाऊन आलो. बहुतेक लोक कैलास बघून परत फिरतात, इकडे गर्दी नसते. गिलाव्याला हात लावू नका, टॉर्चही मारू नका. बाहेरच्या उजेडाला डोळे सरावले की भिंतीच्या वरच्या भागात मातकट पापुद्रे दिसायला लागतात. जिना अंधारा आहे आणि पायऱ्या उंच आहेत, तेव्हा चपला घालून जाऊ नका, बूट घाला. मंगळवारी वेरूळ बंद असतं. भेटू पुढच्या भागात.