वीस पावलांची विद्या : बांबूचे धनुष्य आणि पारंपरिक शिकार

जबलपूरच्या सराफ्यातून निघून मंडल्याच्या रस्त्याला लागले की बरेल्याच्या बाजूला नर्रई नाला येतो. 24 जून 1564 रोजी गढा-मंडल्याची गोंड राणी दुर्गावती इथे मोगल सरदार आसफखानाशी लढताना पडली. अबुल फजलने अकबरनाम्यात तिच्याविषयी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत आणि दोन्ही या विषयाच्या मुळाशी जातात. एक, राणीचा बंदुकीचा आणि बाणाचा नेम उत्तम होता आणि वाघ आल्याची खबर लागली की त्याला मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे. दुसरी तिच्या अखेरच्या क्षणांची. कानशिलात बाण लागला तेव्हा तिने तो उपटून फेकला. काठी निघाली, पण लोखंडी टोक जखमेतच राहिले. पाठोपाठ दुसरा बाण मानेत लागला.

टोक आत राहणे हा त्या रचनेचा स्वभावच होता. तेव्हाच्या बाणाचे पाते मागे निमुळत्या खिळ्यासारखे काढलेले असे. तो खिळा बोरूच्या किंवा बांबूच्या काठीत खुपसून वर तात किंवा दोरा आवळत. पुढून दाब आला की हा सांधा घट्ट बसतो आणि मागून ओढले की सुटतो. शिकारीत याचा फायदा दुहेरी. जखमी जनावर झुडपात घुसते, काठी फांद्यांना अडकून निसटते, पाते मात्र आत कापत राहते. आणि गळून पडलेली काठी शिकाऱ्याला वाट दाखवते.

आता धनुष्याकडे वळू. रानात तगून राहण्याच्या शास्त्रात अलीकडे तरुणांना मोठा रस आहे. त्यातले बहुतेक जण सुरुवात धनुष्यापासून करतात आणि तेही जितके ताठ मिळेल तितके. मेळघाटापासून कान्ह्यापर्यंत पसरलेल्या सातपुडा-मैकलच्या रानांतली परंपरा याच्या नेमकी उलट शिकवते. तिथले धनुष्य साधे, हलके आणि तुलनेने कमजोर असते. त्या कमजोरीची भरपाई करता करता जी विद्या उभी राहिली ती खरी शिकारविद्या आहे, असे माझे ठाम मत आहे.

या रानांचा मुख्य बांबू म्हणजे विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात तो. त्याचे खोड जवळजवळ भरीव असते. बांबूत सालीलगतचा थर तंतूंनी दाट भरलेला असतो, आतला भाग मऊ. म्हणून पट्टी तासताना हत्यार आतल्या अंगाने चालवतात आणि सालीला शक्यतो धक्का लावत नाहीत. दाट तंतू कापले गेले की धनुष्य तिथेच मोडते. तोडीचा काळही महत्त्वाचा. पावसाळ्यात नवे कोंब फुटताना बांबूतला पिष्टमय साठा खर्ची पडतो. पावसाळ्यानंतर हिवाळ्यात तोडलेल्या बांबूला त्यामुळे कीड कमी लागते. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीच्या जागीही बांबूच्या सालीची चिवट पट्टी असते. ती ताणल्यावर फारशी लांबत नाही आणि तातीसारखी ओलीने सैलावत नाही. मोगली धनुष्य शिंग, तात आणि सरसाने जोडलेले. त्याची ताकद कितीतरी जास्त, पण ते बनवायला महिनोन्‌महिने लागत आणि दमट हवा त्याला मानवत नसे. बांबूचे धनुष्य मोडले तर रानातल्या रानात दुसरे होते. जिथे दुकान नाही तिथे हा गुण ताकदीपेक्षा मोलाचा.

पात्याचे लोखंडही याच डोंगरांतले. मंडला-दिंडोरीकडचे अगरिया मातीच्या लहान भट्टीत, पायाने भाता चालवून दगडापासून लोखंड काढत. मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विनने त्यांच्यावर 1942 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आता थोडा हिशेब करू, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. पूर्ण ओढल्यावर 20 किलोचा जोर लागणारे आणि दोरी सुमारे 50 सेंटिमीटर मागे येणारे साधे धनुष्य घेऊ. त्यात साठणारी ऊर्जा साधारण 50 ज्यूल. तिचा बराच भाग धनुष्याची टोके आणि दोरी हलवण्यात जातो; बाणाला 30-32 ज्यूल मिळाले तरी पुष्कळ. 30 ग्रॅमचा बाण या बळावर सेकंदाला 45 मीटरच्या आसपास जातो. शिकारी रायफलीची गोळी सुटते तेव्हा तिच्यात 3,000 ज्यूलच्या पुढे ऊर्जा असते. म्हणजे बाण धक्क्याने मारूच शकत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने पडते. पाते बोथट असेल तर नेम कितीही अचूक असो, उपयोग नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. चितळ 20 मीटरवर असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानी 0.06 सेकंदात पोचतो, बाणाला मात्र सुमारे 0.44 सेकंद लागतात. मधल्या एक तृतीयांश सेकंदाहून अधिक वेळात सावध जनावर जागा सोडते. अंतर दुप्पट केले की त्याची सवडही दुप्पट होते. म्हणून वीस पावलांच्या आत पोचणे आणि तेही जनावर बेसावध असताना, ही अट आपोआप येते. भीमबेटक्याच्या शैलचित्रांत धनुर्धारी आणि जनावर किती जवळजवळ काढलेले आहेत ते मुद्दाम पाहावे. चित्रकाराला भिंतीची मर्यादा होती हे खरे, पण मला त्यात अनुभवही दिसतो.

वीस पावलांपर्यंत पोचायचे कसे, यात बाकी सगळी विद्या आली. पहिली गोष्ट वारा. चिमूटभर राख किंवा बारीक धूळ सोडून तो पाहायचा आणि तोंडावर घेऊनच पुढे सरायचे. सकाळी ऊन चढले की हवा उतारावरून वर जाते, संध्याकाळी खाली उतरते. एकाच दरीत सकाळची वाट संध्याकाळी चालत नाही. दुसरी गोष्ट माग. ठशाची कड तीक्ष्ण आहे की ढासळलेली, त्यात दव पडले आहे का, त्यावरून किड्याची रेघ गेली आहे का, लेंड्या ओल्या की कोरड्या, तुडवलेले गवत किती उठले आहे, यावरून जनावर केव्हा गेले ते ठरते. तिसरी गोष्ट रानाची भाषा. वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाची शिटीसारखी हाक, सांबराचा खणखणीत आवाज यांतून वाघ-बिबट्या कुठे आहे ते कळते. आणि हाच इशारा माणसावरही होतो. वानराने तुम्हाला पाहून आवाज दिला की त्या भागातली त्या वेळची शिकार संपली. मारुती चितमपल्लींनी ही भाषा आयुष्यभर ऐकली आणि मराठीत आणली; या विषयाकडे येणाऱ्याने धनुष्याआधी त्यांची पुस्तके हाती घ्यावीत.

आणि बाण लागल्यानंतरचा संयम. जखमी जनावराच्या मागे लगेच धावले तर ते कोसभर पळते. थांबले तर जवळच बसते. फुप्फुसातले रक्त फेसाळ, उजळ लाल. पोटातले गडद आणि घाण मिसळलेले. रक्ताचा हा रंग पाहून किती थांबायचे ते ठरते.

हे सगळे आपल्याच रानापुरते खरे आहे असे नाही. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस इशी 1911 मध्ये डोंगरातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली आणि पुढे लिहून ठेवली. इशीचे धनुष्यही वीस किलोच्या आसपासचेच होते. लांबच्या निशाणावर इंग्रजी पद्धतीचे तिरंदाज त्याला हरवत. पण शिकारीआधी अंगाला वास राहू नये म्हणून तो तंबाखू आणि मासे टाळी, अंघोळ करी, आणि ओठांनी आवाज काढून सशाला जवळ बोलावी. एकाच अडचणीतून दोन खंडांत एकच उत्तर निघाले.

तरीही एक कटू गोष्ट मान्य करावी लागते. आपल्या रानांत धनुष्यावर कुणी जगत नव्हते. मैकलच्या रानातल्या बैगा आदिवासींचे पोट बेवर या फिरत्या शेतीतल्या कोदो-कुटकीवर, मोहावर, तेंदू-चारावर, कंदांवर आणि माशांवर चाले. शिकार ही वरची भर. विदर्भातल्या फासेपारध्यांनी धनुष्याऐवजी फासा निवडला, आणि शुद्ध उपयोगाच्या दृष्टीने ते बरोबर होते. फासा रात्रभर न थकता काम करतो, धनुष्य मात्र माणसाची सारी शक्ती आणि सारा दिवस मागते. रानात वाट चुकलेल्याने पाणी, आसरा, आग आणि ओळखीचा कंद यांआधी धनुष्य तासायला बसणे म्हणजे उपाशीपोटी ताकद उधळणे.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगायला हवी. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार वन्य प्राण्याला मारणे तर सोडाच, फासा लावणे किंवा तसा प्रयत्न करणेही शिकारच ठरते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌भावनेने झालेल्या कृतीला तेवढी सूट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मानले, पण शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. हा निर्णय मला योग्य वाटतो. 1564 मधले रान आणि आजचे रान यांत तुलनाच नाही. मात्र बंदीबरोबर माग काढण्याची विद्याही विसरली जावी, हे योग्य नाही. मारण्याचा भाग वजा केला तरी शिकारविद्येचा नव्वद टक्के भाग उरतो, आणि व्याघ्रप्रकल्पांत गस्त घालणाऱ्या वनरक्षकांना तोच रोज लागतो.

धनुर्विद्येची जबलपूरने सोय केली आहे. मध्य प्रदेशची राज्य तिरंदाजी अकादमी इथेच आहे, आणि इथल्या मुस्कान किरारने 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाबरोबर रौप्यपदक मिळवले. माग काढण्याच्या विद्येसाठी अशी संस्था नाही. राणीच्या नावाचे विद्यापीठ आणि राणीच्या नावाचे संग्रहालय दोन्ही याच शहरात आहेत. मंडला, दिंडोरी आणि बालाघाटच्या वृद्ध गोंड-बैगा मागकऱ्यांना मानधन देऊन, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याबरोबर रानात चालत या ज्ञानाची नोंद या दोन संस्थांनी आत्ताच करून घ्यावी. ते जाणणारे लोक थोडे उरले आहेत.