मानेतील धमनीची इजा (खेळाडूंमधील)

मानेतून चार धमन्या मेंदूला रक्त पुरवतात : पुढून दोन कॅरोटिड आणि मागे मणक्यांच्या छिद्रांतून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. चेंडूचा मार, रग्बीतील टॅकल, ज्यूदोत गळ्याला बसलेली पकड किंवा मानेला अचानक बसलेला हिसका यांमुळे धमनीचे आतले अस्तर चिरते. रक्त भिंतीच्या थरांत शिरते, पोकळी अरुंद होते, गुठळी धरते. ती सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात होतो. याला काही तास लागतात, कधी कित्येक दिवस. खेळाडू मधल्या काळात चालतो-बोलतो, म्हणून ‘मान आखडली असेल’ असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. खरा धोका इथेच आहे.

माराच्या बाजूला सुरू झालेली, पूर्वी कधी न जाणवलेली मानदुखी वा डोकेदुखी ही पहिली खूण. पापणी उतरून त्याच डोळ्याची बाहुली बारीक होणे कॅरोटिडकडे बोट दाखवते. भोवळ, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, गिळताना त्रास होणे व्हर्टिब्रलकडे. मेंदूचा साधा सीटी स्कॅन निर्दोष आला तरी शंका फिटत नाही; मान व डोक्याची सीटी अँजिओग्राफी करावी लागते. एमआरआयमध्ये भिंतीत साकळलेले रक्त चंद्रकोरीच्या आकारात दिसते. तपासणीआधी मानेला मालीश करणे किंवा मान मोडून घेणे कटाक्षाने टाळावे.

उपचार बहुधा औषधांचेच : अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी किंवा हेपॅरिन, वॉरफरिन, साधारण तीन ते सहा महिने. ‘कॅडिस’ चाचणीत (२०१५) या दोन मार्गांत ठळक फरक आढळला नाही. औषधे चालू असूनही मेंदूचा रक्तपुरवठा तुटू लागला किंवा धमनीला फुगा आला, तर स्टेंटचा विचार होतो. मेंदूभोवती रक्तस्राव झाला असेल, तर मात्र रक्त पातळ करणारी औषधे घातक ठरतात.

असाच रक्तस्राव ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजला झाला. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत तो ६३ धावांवर खेळत असताना उसळता चेंडू हेल्मेटखाली, मानेच्या डाव्या बाजूला लागला आणि व्हर्टिब्रल धमनी फाटली. दोन दिवसांनी, २६ व्या वाढदिवसाच्या तोंडावर, त्याचा मृत्यू झाला. अधिक जलद उपचारांनीही तो वाचला नसता, असे २०१६ मधील न्यायिक चौकशीत निष्पन्न झाले. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२३ पासून वेगवान गोलंदाजी खेळताना हेल्मेटला मानेचे संरक्षक कवच सक्तीचे झाले. ते त्याआधीच व्हायला हवे होते.

मैदानावर परतण्याची सर्वमान्य मुदत नाही. पुन्हा केलेल्या अँजिओग्राफीत धमनी भरून आलेली दिसेपर्यंत अंगाला अंग भिडणारे खेळ बंद ठेवतात.