तौलनिक लाभ आणि मुंबईचे सूत

जे उत्पादन तुलनेने स्वस्त पडते त्याचीच देशाने निर्यात करावी, हा रिकार्डोच्या १८१७ मधील सिद्धान्ताचा आशय होय. हा लाभ मात्र निसर्गदत्त नसतो, अशी साक्ष मुंबईच्या सुताचा इतिहास देतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापिली. पुढे येथील सुतास चीनमध्ये मोठी बाजारपेठ लाभली. १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या टांकसाळी रुप्यास बंद झाल्या आणि रुप्याचे चलन असलेल्या चीनमध्ये हे सूत महागले. त्याच वर्षी मुंबईचा कापूस नेण्यास जपानी जहाजांची नियमित वाहतूक सुरू झाली. जपानने सुतावरील निर्यातकर १८९४ मध्ये, तर कापसावरील आयातकर १८९६ मध्ये रद्द केला. कापूस हिंदुस्थानचाच राहिला. बाजारपेठ हळूहळू जपानकडे गेली. म्हणून निर्यातीचे अग्रक्रम ठरविताना कच्च्या मालाची विपुलता पाहणे पुरेसे नाही; चलन, कर व वाहतूक यांविषयीचे धोरणच लाभ घडविते अथवा घालविते.