‘मास्टर हिअरिंग एड’ : १९४७ ते २०१७

श्रवणयंत्राचा इतिहास सामान्यतः त्याच्या आकारमानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मेजावरची पेटी खिशात आली, खिशातून कानामागे गेली आणि अखेरीस कर्णनलिकेत दिसेनाशी झाली, असा तो क्रम आहे. तो खोटा नाही. परंतु त्यामुळे एक अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. यंत्र ध्वनीवर जी प्रक्रिया करते, ती कोणाला पाहता येते, तपासता येते आणि प्रसंगी चुकीची ठरविता येते? या दृष्टीने पाहिल्यास श्रवणयंत्र प्रथम उघडे होते, मध्यंतरी बंद झाले आणि २०१७ पासून, निदान संशोधनापुरते, पुन्हा उघडले, असे दिसून येते.

१९४७ साली दोन अहवाल प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक हार्वर्ड विद्यापीठाच्या मानसध्वनिशास्त्रीय प्रयोगशाळेतील हॅलोवेल डेव्हिस, एस. एस. स्टीव्हन्स व त्यांचे सहकारी यांचा होता. त्यांनी वापरलेले ‘मास्टर हिअरिंग एड’ हे कानात घालावयाचे यंत्र नव्हतेच. ते प्रयोगशाळेतील एक मोठे उपकरण होते. ध्वनी किती वाढवावयाचा, उच्च कंप्रतांना किती झुकते माप द्यावयाचे आणि कमाल मर्यादा कोठे ठेवावयाची, हे त्यावर इच्छेप्रमाणे बदलता येई. श्रोत्याला शब्द ऐकवावयाचे आणि कोणत्या मांडणीत किती शब्द ओळखले जातात हे मोजावयाचे, अशी ही पद्धती होती. तिच्यातून निघालेला निष्कर्ष असा, की प्रत्येक व्यक्तीसाठी निराळी मांडणी शोधण्याचे कारण नाही. सर्व कंप्रतांना समान किंवा उच्च कंप्रतांकडे थोडा चढता प्रतिसाद बहुतेकांना मानवतो. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने त्याच वर्षी दिलेला निष्कर्ष याच्याशी मिळताजुळता होता. त्यावर आधारलेले ‘मेड्रेस्को’ यंत्र १९४८ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेमार्फत विनामूल्य देण्यात येऊ लागले.

पुढील संशोधनाने या निष्कर्षांना मुरड घातली आणि व्यक्तिगत श्रवणहानीनुसार वर्धन ठरविण्याची पद्धती रूढ झाली. परंतु हे शक्य झाले ते उपकरण, पद्धती आणि आकडे तिन्ही प्रसिद्ध झालेले असल्यामुळेच. जे उघड मांडलेले असते, तेच खोडून काढता येते.

ज्ञान खुले ठेवण्याची हीच प्रवृत्ती नंतरही काही काळ टिकून होती. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर असलेले पहिले श्रवणयंत्र बाजारात आले. ट्रान्झिस्टरचे एकस्व ज्या बेल कंपनीकडे होते, तिने अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या बधिरांसाठीच्या कार्याची आठवण म्हणून श्रवणयंत्रांपुरते स्वामित्वशुल्क माफ केले होते. १९७३ साली एडगर विल्चर यांनी बहुपट्टी संपीडनाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. कंप्रतांचे निरनिराळे पट्टे करून प्रत्येकात हळू आवाज अधिक व मोठा आवाज कमी वाढवावा, ही ती कल्पना होय. तिचे एकस्व न घेता विल्चर यांनी ती सर्वांना मोकळी ठेवली.

१९९६ च्या सुमारास पूर्णतः अंकीय श्रवणयंत्रे विक्रीस आली आणि परिस्थिती पालटली. पूर्वीचे यंत्र उघडून जाणकाराला त्यातील मंडल वाचता येत असे. आता प्रक्रिया एका चकतीवरील आज्ञावलीत गेली आणि ती आज्ञावली उत्पादकाची मालमत्ता ठरली. संपीडन, गोंगाटनिवारण, शिट्टीनिवारण या क्रिया परस्परांवर परिणाम करतात. बाहेरून मोजणाऱ्याच्या हाती मात्र आत गेलेला व बाहेर आलेला ध्वनी एवढेच येई. अमुक सुधारणा कोणत्या क्रियेमुळे झाली, हे स्वतंत्रपणे सिद्ध करणे त्यामुळे दुर्घट झाले.

ही कोंडी फोडण्याचा एक प्रयत्न जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे झाला. तेथील ग्रिम, हेर्ट्सके, बेर्ग व होमान यांनी २००६ साली साध्या संगणकावर चालणाऱ्या श्रवणयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘मास्टर हिअरिंग एड’ हेच जुने नाव दिले. प्रत्येक क्रिया हा त्यात एक सुटा घटक असतो. एक घटक काढून दुसरा बसविता येतो आणि बाकीची मांडणी तशीच ठेवता येते. शिवाय श्रोता ऐकत असतानाच प्रक्रिया चालते. यासाठी विलंब सुमारे १० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. अन्यथा थेट कानी पडलेला ध्वनी व यंत्रातून आलेला ध्वनी यांच्यात अंतर पडून स्वतःचा आवाजही विचित्र भासू लागतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या साहाय्याने २०१७ साली या आज्ञावलीची मूळ संहिता ‘ओपन-एमएचए’ या नावाने सर्वांना खुली झाली. कोणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेले रूप वाटणाऱ्याने त्याची संहिताही द्यावी, अशी तिच्या परवान्याची अट आहे. सॅन डिएगो येथील ‘ओपन स्पीच प्लॅटफॉर्म’ आणि ‘टिम्पॅन’ हे अमेरिकेतील याच जातीचे प्रयत्न होत. यांपैकी कोणतेही साधन दुकानातील श्रवणयंत्राची जागा घेत नाही. इवल्या विद्युत्‌घटावर दिवसभर चालण्याची अडचण त्यांनी सोडविलेली नाही, आणि तो त्यांचा उद्देशही नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात विशेष स्वारस्य असावयास हवे. १९९४ साली डेनिस बर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा भाषांतील वाणीचा सरासरी वर्णपट मोजला. त्यांत सिंहली होती, मराठी नव्हती. सर्व भाषांचे वर्णपट जवळजवळ सारखे आहेत, हा त्यांचा निष्कर्ष वर्धनाचे सामान्य सूत्र ठरविण्यास उपयुक्त आहे. परंतु अर्थ सरासरीत नसतो, भेदात असतो. ‘चार’ ही संख्या आणि गुरांना ‘चार’ ही आज्ञा, किंवा ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे जगण्याचे आज्ञार्थी रूप, यांतील तालव्य व दंततालव्य उच्चारांचा भेद मुख्यतः घर्षणाच्या उच्च कंप्रतांवर अवलंबून असतो. आणि वार्धक्यात प्रथम क्षीण होते ती याच कंप्रतांची श्रवणशक्ती. संपीडनाने हा भेद टिकतो, पुसट होतो की नाहीसा होतो, याचे उत्तर वर्णपटाच्या सरासरीतून मिळणार नाही. ते मराठी श्रोत्यांपुढे मराठी शब्द ठेवून, यंत्रातील एकेक क्रिया बदलून, मोजूनच मिळेल. १९४७ साली हार्वर्ड येथे इंग्रजी शब्दांच्या बाबतीत नेमके हेच केले गेले होते. तेव्हा त्यासाठी लागणारे उपकरण थोड्या प्रयोगशाळांपाशी होते. आज ते कोणत्याही विभागाला उपलब्ध आहे.