पंच्याहत्तर रुपयांचा वाद

माजी विद्यार्थ्यांचा संघ असो, ग्रंथालय असो की परप्रांतातले एखादे मराठी मंडळ असो, त्यांच्या जुन्या इतिवृत्तांची पाने चाळली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तत्त्वावरून भांडणे झाल्याची नोंद सर्वत्र सापडते. पण त्या तत्त्वाच्या आड बहुधा दोनच प्रश्न दडलेले असतात : पैसा कोणी किती घ्यावा आणि वेळ कोणी किती द्यावा. हे प्रश्न क्षुद्र आहेत असे आपण वरवर म्हणतो. परंतु महाराष्ट्रातील एका थोर शिक्षणसंस्थेच्या पहिल्या दहा वर्षांत ह्याच दोन प्रश्नांनी सख्ख्या मित्रांची ताटातूट केली, आणि तरीही ती संस्था मोडली नाही. ती का मोडली नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आपण शिक्षणसंस्था म्हणून ओळखतो. तिचा उगम मात्र एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मैत्रीत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, वामन शिवराम आपटे हे सारे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांतही टिळक आणि आगरकर ह्यांची जवळीक विशेष. दोघांचा जन्म १८५६ च्या जुलै महिन्यातला, एकाचा २३ तारखेचा व दुसऱ्याचा १४ तारखेचा, म्हणजे अंतर अवघ्या नऊ दिवसांचे. टिळक कायद्याच्या परीक्षेसाठी आणि आगरकर पदवीच्या व पुढे एम. ए. च्या अभ्यासासाठी कॉलेजात असता दोघांच्या चर्चा रात्र रात्र चालत. सरकारी नोकरी करावयाची नाही, शिक्षणास वाहून घ्यावयाचे, हा निश्चय त्या चर्चांतून पक्का झाला. घरची गरिबी असतानाही पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून परहितासाठी आयुष्य वेचण्याचा मनसुबा आगरकरांनी आपल्या आईला पत्राने कळविला, ही हकीकत तर मराठी वाचकांच्या घरोघरी ठाऊक आहे.

१८७९ मध्ये चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले. महादेव बल्लाळ नामजोशी ह्यांच्यासारखा खटपटी व व्यवहारी माणूस लवकरच येऊन मिळाला; एम. ए. होताच आगरकर आले. १८८१ च्या आरंभी ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही दोन पत्रे निघाली. ‘मराठा’ टिळकांकडे, ‘केसरी’ आगरकरांकडे. कोल्हापूर प्रकरणावरून दोघांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढले. त्याच वर्षी मार्च महिन्यात चिपळूणकर गेले होते. ज्यांचा शब्द सर्वांनी मानावा असा वडीलधारा माणूस ह्या मंडळीत त्यानंतर उरला नाही. पुढे जे झाले त्याचे बीज मी तरी येथेच पाहतो. समवयस्कांच्या संस्थेत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न वडीलधाऱ्याच्या हयातीत उद्भवत नाही आणि त्याच्या पश्चात टळत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर ह्या तरुणांनी भांडण सुरू होण्यापूर्वीच शोधून ठेवले, हे त्यांचे खरे शहाणपण. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सर विल्यम वेडरबर्न ह्यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरून डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. कॉलेजला ज्यांचे नाव दिले त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी १,२०० रुपयांची देणगी दिली होती. पण देणगीपेक्षा महत्त्वाची होती ती घटना. तोपर्यंत शाळा ही चारपाच मित्रांची होती. आता ती संस्थेची झाली. बाहेरच्या प्रतिष्ठित गृहस्थांचे एक नियामक मंडळ आणि प्रत्यक्ष शिकविणाऱ्या आजीव सभासदांचे दुसरे मंडळ अशी रचना ठरली. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावयाची, अंतर्गत कारभार आजीव सभासदांनी सभेत बहुमताने चालवावयाचा, आणि मोबदला म्हणून निर्वाहापुरते वेतन घ्यावयाचे. ते वेतन आरंभी तीस-चाळीस रुपये होते, कॉलेज निघाल्यावर पंच्याहत्तर रुपये झाले, आणि सोबत तीन हजार रुपयांचा आयुष्याचा विमा.

वादाला तोंड फुटले ते ह्या आकड्यापाशी. संसार वाढले होते. आगरकरांच्या पाठीशी वडिलोपार्जित काही नव्हते आणि दम्याच्या विकाराने शरीर पोखरले होते. १८८७ च्या सुमारास वेतनात दरमहा पाच रुपयांची वाढ व्हावी असे त्यांचे म्हणणे पडले. टिळकांनी विरोध केला. टिळकांच्या मनापुढे जेझुइट पाद्र्यांच्या संघाचा आदर्श होता : सभासदाने संस्थेला सर्वस्व द्यावे, संस्थेने त्याच्या निर्वाहाची हमी घ्यावी, आणि त्यापलीकडे कोणी काही मिळवू नये, मिळविले तर ते संस्थेचे. आज वेतन पाचांनी वाढविले तर उद्या आणखी पाचांनी वाढवावे लागेल, आणि मग सरकारी महाविद्यालयात व आपल्यात फरक तो काय राहिला, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूचे उत्तरही तितकेच सरळ होते. पोटाची चिंता असलेला शिक्षक मन लावून शिकवू शकत नाही, आणि जो आपले ठरलेले काम चोख करतो त्याच्या उरलेल्या वेळावर संस्थेचा हक्क नाही.

आज इतक्या वर्षांनी न्याय करू गेल्यास दोन्ही पक्ष खरे वाटतात, आणि म्हणूनच हा वाद मिटण्यासारखा नव्हता. टिळकांना बाजूने घेणारे लेखक आगरकरांचा संसार विसरतात. आगरकरांचे अभिमानी हे विसरतात की टिळकांचा नियम मोडला असता तर आरंभीच्या त्यागाला अर्थ राहिला नसता. मला विशेष वाटते ते असे, की दोघेही ज्याचा हवाला देत होते ती एकच गोष्ट होती, कॉलेजातल्या रात्रींत घेतलेली शपथ. ती कोणी कागदावर लिहून ठेवली नव्हती. मित्रांनी तोंडी केलेला करार जो तो आपापल्या स्मरणातून वाचतो.

त्यात सामाजिक सुधारणेचा मतभेद मिसळला. संमतिवय, बालविवाह, स्त्रीशिक्षण ह्या विषयांवर आगरकरांची मते प्रखर, आणि ‘केसरी’ तर सर्वांच्या सामाईक मालकीचे पत्र. ज्या पत्राचे कर्ज सर्वांच्या माथी, त्यात एकाचीच मते किती छापावी? १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि वर्षाने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू सांभाळू लागले ते गोपाळ कृष्ण गोखले. १८६६ चा जन्म, पदवी एल्फिन्स्टनची, डेक्कन कॉलेजातल्या त्या रात्रींशी काही संबंध नाही. शपथ घेणाऱ्यांच्या संस्थेत ज्याने शपथ ऐकलीच नव्हती असा पहिला मोठा माणूस गोखले होय. दुसऱ्या पिढीचे सभासद आले म्हणजे पहिल्या पिढीचे संकेत पातळ होतात, हे परगावी पन्नास वर्षे संस्था चालविणाऱ्या आपल्या मंडळींस समजावून सांगावयास नको.

आणि अखेरची ठिणगी गोखल्यांच्याच निमित्ताने पडली. १८९० मध्ये ते सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. टिळकांचे म्हणणे असे की, आजीव सभासदाने इतकी जबाबदारीची बाहेरची कामे पत्करली तर कॉलेजला त्याचे उरलेसुरले श्रमच मिळणार. प्रतिपक्षाने विचारले असेल, आणि विचारणे रास्तच होते, की मग वर्तमानपत्रे चालविणे हे बाहेरचे काम नव्हे काय? टिळकांचे उत्तर असे की ती कामे सर्वांनी मिळून, संस्थेच्याच उद्देशासाठी आरंभलेली होती. प्रश्न आजीव सभासदांच्या सभेपुढे आला. टिळक अल्पमतात होते. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये त्याची कारणे देणारे दीर्घ निवेदन सोसायटीला सादर केले.

ते निवेदन मराठी संस्थाजीवनातील एक अपूर्व कागद आहे. रागाच्या भरात चार ओळी खरडून दार आपटून जाणे किती सोपे होते! टिळकांनी तसे केले नाही. संस्थेच्या स्थापनेपासूनचा इतिहास, ठरलेली तत्त्वे, ती कोठे कोठे ढळली त्याची उदाहरणे, आकडे आणि प्रसंग, सारे वकिली शिस्तीने मांडले. आपल्या आयुष्याचे ध्येयच आपण सोडून जात आहोत, ही व्यथा त्यात आहे; पण मुख्य सूर हिशेबाचा आहे. काही जागी भाषा तिखट आहे, सहकाऱ्यांवर अन्याय करणारीही आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते : तक्रार संस्थेच्या दप्तरात, संस्थेच्याच घटनेला धरून केलेली आहे. बहुमताचा निर्णय चुकीचा आहे असे टिळक म्हणतात. त्याला अधिकारच नव्हता असे म्हणत नाहीत.

जाताना त्यांनी शाळेवर किंवा कॉलेजवर हक्क सांगितला नाही. १८८४ नंतर तो कोणाला सांगताच येत नव्हता. विद्यार्थी फोडून समोर दुसरे कॉलेज काढले नाही. मागे राहिलेल्यांनीही घटना गुंडाळून ठेवली नाही. ज्या गोष्टींची वाटणी शक्य होती तिची रीतसर वाटणी झाली. छापखाना आणि पत्रे ह्यांची भागीदारी १८९१ मध्ये संपली : आर्यभूषण छापखाना इतर भागीदारांकडे गेला, आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ ही दोन्ही पत्रे सुमारे सात हजार रुपयांच्या कर्जासह टिळकांच्या अंगावर आली. पंच्याहत्तर रुपयांहून अधिक घेऊ नये म्हणून भांडणाऱ्या माणसाने संस्थेतून बाहेर पडताना कर्ज घेतले, आणि ते फेडेपर्यंत कायद्याच्या शिकवणीवर घर चालविले. असो.

तुलनेसाठी पाच वर्षांनंतरचा एक प्रसंग पाहावा. १८९५ मध्ये सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने बहुमत मिळविले. आता अल्पमतात गेले ते रानडे आणि गोखले. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली, आणि महाराष्ट्राची मुखत्यार म्हणविणारी ती सभा पूर्वीच्या तेजाने पुन्हा कधी उभी राहिली नाही. माणसे तीच, गाव तेच, मतभेद बहुतांशी तेच. एके ठिकाणी रोज सकाळी वर्ग भरावयाचे होते, दुसरीकडे ठराव करावयाचे होते. ज्या संस्थेला रोजचे काम असते तिला भांडायला रात्रीच सवड मिळते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

मैत्रीचे काय झाले? ती पूर्ववत झाली नाही. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ ह्यांनी एकमेकांवर केलेली टीका आज वाचतानाही अंगावर येते. आपटे १८९२ मध्ये निवर्तल्यावर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि त्याच पदावर असता १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, वारले. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरून आले आणि स्मशानात बोलले. मिटलेल्या भांडणाची ही चिन्हे नव्हेत. वाद संस्थेच्या चौकटीत लढला गेल्यामुळे माणसाविषयीचा आदर शिल्लक राहिला, इतकेच त्यावरून म्हणता येईल.

आता राहिली ती टिळकांची रिकामी जागा. ते गणित शिकवीत. १८९१ च्या अखेरीस त्या जागी गोखल्यांनी मुंबईहून आपला एल्फिन्स्टन कॉलेजचा सहाध्यायी बोलावला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. वेतन पंच्याहत्तर रुपये. पुढच्या वर्षी ते आजीव सभासद झाले, १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. आजीव सभासदाने बाहेरचे काम करावे की नाही, ह्या प्रश्नाचे सोसायटीने कागदावर काय उत्तर दिले असते कोण जाणे. प्रत्यक्षातले उत्तर असे की १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला, आणि कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास घेत, संध्याकाळी कॉलेज सुटले म्हणजे चिखलातून पायी हिंगण्यास जात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर हजर असत. १९०२ मध्ये गोखले निवृत्त झाले, तीस रुपये निवृत्तिवेतनावर. त्याच वर्षी केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य म्हणून रुजू झाले. ते कर्व्यांचे आप्त आणि फर्ग्युसनचेच माजी विद्यार्थी. हिंदुस्थानातल्या कोणत्याही सरकारी महाविद्यालयाने त्यांना कितीतरी पटींनी अधिक पगार दिला असता. त्यांनीही पंच्याहत्तर रुपयेच घेतले.