द्रोणागिरीची मुळी : ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थिदशेविषयी एक टिपण

मुंबई बंदराच्या आग्नेयेस, उरणजवळ, कारंजाच्या खाडीकाठी द्रोणागिरी नावाचा एक डोंगर आहे. मारुती औषधींचा पर्वत घेऊन लंकेकडे चालला असता त्याचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी पंचक्रोशीतील जुनी श्रद्धा आहे. वाल्मीकीच्या युद्धकांडात ही कथा पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. जांबवानाने मारुतीस मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी व संधानी या चारही औषधींची नावे सांगितली होती. स्थळ सांगितले होते. त्या प्रकाशमान असतात ही ओळखखूणही दिली होती. मारुती तेथे पोहोचताच मात्र औषधी अदृश्य झाल्या आणि त्यास शिखरच उपटून आणावे लागले. नाव ठाऊक, ठिकाण ठाऊक, तरी वस्तू हाती लागत नाही, ही अवस्था ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास चांगलीच परिचयाची आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण या डोंगराच्या पायथ्याशी गेले असल्याने त्यास ती जरा अधिकच परिचयाची झाली, हे पुढे येईलच.

आपल्याकडे या विषयाचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते एका मराठी राजाच्या आश्रयाने. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले व १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांचा वर्ग उघडला गेला. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले; त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. ग्रंथसंग्रह कसा लावावा याची चर्चा मराठीत इतक्या आधी छापली जात होती, याचे स्मरण आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच ठेवले जाते. आम्हांलाही वर्गात बडोद्याविषयी जेमतेम अर्धा तास ऐकावयास मिळाले. उरलेले सत्र ड्यूई आणि रंगनाथन यांच्या वाट्यास गेले.

रंगनाथन यांच्या विद्यार्थिदशेचा वृत्तान्त मात्र येथे थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. गणिताचे हे अध्यापक जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या पदावरील एकान्तास इतके कंटाळले, की पुन्हा अध्यापनाकडे वळण्याची भाषा बोलू लागले. त्याच वर्षी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्रॉयडनचे ग्रंथपाल बेरविक सेयर्स वर्गीकरण शिकवीत असत. वर्गातील पद्धती आणि इंग्लंडमधील ग्रंथालये पाहिल्यावर प्रचलित वर्गीकरणाविषयीचे रंगनाथन यांचे असमाधान वाढत गेले. सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, स्क्रू तेच. जोडणी बदलली की निराळी वस्तू उभी राहते. विषयांचेही असेच होऊ शकेल, हा विचार तेथे त्यांच्या मनात रुजला, आणि १९२५ मध्ये परतताना बोटीवरील ग्रंथसंग्रहावर त्यांनी तो पडताळून पाहिला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचे मूळ हे असे एका विद्यार्थ्याच्या असमाधानात आहे.

या कल्पनेचे महत्त्व कळण्यास द्रोणागिरीचेच उदाहरण घेऊ. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. न्हावा-शेवा येथे बंदर ठरले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले, त्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्यू पावले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व जे मान्य झाले, त्याच्या पाठीशी हा लढा आहे. आता या लढ्यावरील एखादे पुस्तक ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावावयाचे झाल्यास ते कायद्यात ठेवावे, शेतीत ठेवावे, बंदरांत ठेवावे, की महाराष्ट्राच्या इतिहासात? १८७६ च्या त्या पद्धतीत वृक्षाप्रमाणे एका फांदीवर एकच जागा मिळते. रंगनाथन यांनी विषयाचे व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, अवकाश व काल असे पैलू पाडून ते जोडण्याची सोय केली. त्यामुळे शेतकरी, जमीन, संपादन, उरण आणि १९८४ हे सर्व एकाच बोधचिन्हात राहू शकतात. ही पद्धती प्रत्यक्ष फळीवर चालविणे कष्टाचे आहे आणि आपल्या बहुसंख्य ग्रंथालयांनी ड्यूईच पत्करला, हे खरे. तरीही विचार म्हणून ती श्रेष्ठ आहे, असे माझे मत आहे.

पैलूंनी सुटत नाही असा एक प्रश्न उरतोच, आणि तो नावांचा. पदव्युत्तर वर्गात असताना आमच्या संदर्भसेवेच्या अध्यापकांनी प्रत्येकास स्वतःच्या गावाजवळचे एक स्थळ देऊन त्याविषयीच्या सर्व साधनांची सूची करण्यास सांगितले. मला अर्थातच द्रोणागिरी मिळाला. काम दोन दिवसांत उरकेल, अशा भ्रमात मी होतो. प्रथम कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर उघडले, कारण उरण कुलाब्यात (१९८१ पासून रायगडात), हे लहानपणापासून ठाऊक होते. उरणाचे वर्णन त्यात मिळाले नाही. पनवेल तालुका व त्याचा उरण महाल १८८३ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात गेला; कॅम्बेलसाहेबांनी त्याचे वर्णन त्यापूर्वीच, १८८२ मध्ये, ठाण्याच्या चौदाव्या खंडात करून ठेवले होते. सरकारने सीमा हलविली तरी पुस्तके जागची हलत नाहीत.

पुढची अडचण निराळी होती. पोर्तुगीज आणि इंग्रज कागदांत डोंगराचे नाव नाही, बेटाचे आहे, आणि ते कारंजा. सालबाईच्या १७८२ च्या तहाने साष्टी, घारापुरी यांसह इंग्रजांकडे राहिले ते हेच कारंजा. सूचीत मात्र ‘कारंजा’ पाहावे तो वऱ्हाडातील लाडांचे कारंजे, नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, पुढे येते. त्यापाठोपाठ वर्धा जिल्ह्यातील कारंजा. ‘द्रोणागिरी’ म्हणून शोधावे तर हिमालयातला. पोर्तुगीज कागद गोव्यात व लिस्बनला, इंग्रजी कागद मुंबईस, आणि मराठी कागद पुण्यास पेशवे दप्तराच्या रुमालांत. त्या दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, म्हणून निदान तेवढे तरी आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले.

तीन आठवड्यांनी मी मोठ्या अभिमानाने पत्रिकांचा गठ्ठा अध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश चाळला आणि विचारले, “चांजे कोठे आले?” मी म्हणालो, “आमच्या घरापासून चालत जाण्याइतके, सर.” “मग ते येथे का नाही?” चांजे व रानवड येथे शिलाहार राजांचे शिलालेख सापडले आहेत, त्यांत तेराव्या शतकातील सोमेश्वराचे लेखही आहेत, वा. वि. मिराशी यांच्या शिलाहार लेखसंग्रहात, १९७७ मध्ये, ते संपादित झाले आहेत. ज्या गावावरून मी शाळेत जात असे त्या गावचा लेख माझ्या सूचीत नव्हता. तो संग्रह मी उघडलाच नव्हता, कारण त्याच्या नावात ना उरण होते ना द्रोणागिरी. दोष सूचीचा नव्हता, माझाच होता. मी डोंगर शोधीत होतो आणि औषधी दुसऱ्याच नावांखाली उगवल्या होत्या.

या चुकीचा अर्थ मला खरा उमगला तो सुटीत गावी गेल्यावर. ‘पोरगा लायब्ररीचे शिकतो’ एवढे ऐकून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जुनी पिशवी घेऊन आले. तीत जमिनीचे कागद होते : संपादनाचा निवाडा, फेरफार, सातबाराचे उतारे. भूखंडासाठी वारस सिद्ध करावयाचे होते. त्यांच्या वडिलांचे नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेले. एकात आडनाव, एकात नुसते वडिलांचे नाव, एकात घरगुती टोपणनाव. आमच्या आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत या चार-पाच आडनावांत अर्धे गाव बसते आणि आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची रीत. तेव्हा कोणता ‘हिरा पाटील’ कोणाचा, हे कागद सांगू शकत नाही. वर्गात आम्ही ज्यास नामनियंत्रण म्हणून पाठ केले होते, तेच हे. ग्रंथालयात त्याची चूक झाली तर एक वाचक रिकाम्या हाताने परततो. येथे एका कुटुंबाची जमीन पणास लागली होती.

मी त्या पिशवीतील कागदांची यादी केली : प्रत्येक कागद, त्याचे साल, गट वा सर्व्हे क्रमांक, आणि त्यातील नाव जसेच्या तसे. नावे ‘सुधारण्याचा’ मोह मोठा होता, तो टाळला. एका नावाकडून दुसऱ्याकडे मात्र ‘पाहा’ अशा नोंदी केल्या. यादीच्या शेवटी त्या म्हाताऱ्याने स्वतःच एक नाव सांगून लिहावयास लावले. ते कोणत्याही कागदात नव्हते; त्यांच्या बापास मिठागरावर त्या नावाने हाक मारीत. हे टोपणनाव आणि हजेरीपटावरील नाव एकाच माणसाचे, अशी साक्ष देणारे अद्याप दोघे जण हयात होते, त्यांची नावेही मी खाली लिहून ठेवली.

सत्राअखेरीस मी द्रोणागिरीची सूची पुन्हा सादर केली. पहिल्या खेपेस १९ पत्रिका होत्या, या खेपेस ६२ झाल्या. सर्वांत वरची पत्रिका अध्यापकांनी फिरवून स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती, आणि ती मजजवळ अजून आहे : “द्रोणागिरी, उरण. पाहा : कारंजा (बेट), चांजे, रानवड, पनवेल तालुका, १८८३ पूर्वी, ठाणे गॅझेटिअर, खंड १४. पाहू नये : हिमालय.”